तोंडाकडे बघून ऐकणारं घर

आमच्या घरात हळू बोलणं नव्हतंच. पुढच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये टॉवेलचे चार माग चालायचे. मधे एक भिंत, भिंतीला एक दार, आणि ते दार दिवसभर उघडं. सोलापूरच्या आमच्या भागात अशा शेडलाच कारखाना म्हणतात. बाहेरगावचा पाहुणा 'चला, तुमचा कारखाना दाखवा' म्हणत चपला घालायला लागायचा आणि माझे वडील त्याला चपला काढायला लावून स्वयंपाकघरातून मागे न्यायचे. सकाळी माग सुरू झाले की फळीवरचे पेले थरथरायला लागायचे, आणि त्या थरथरीची इतकी सवय की मामाकडे गेल्यावर पेले नुसतेच उभे बघून मला काहीतरी बंद पडल्यासारखं वाटायचं. धोटे इकडून तिकडे आपटत राहायचे, एकाचा ताल दुसऱ्याशी कधी जुळायचा नाही. पण खरं सांगायचं तर मला तो आवाज आवाज म्हणून आठवतच नाही. आठवते ती लाइट जायची वेळ. लाइट गेली की सगळे माग एका दमात थांबायचे आणि घरातली माणसं तोंडात असलेलं वाक्य तशीच ओरडून पुरं करायची. 'अगं मीठ कुठं ठेवलंस' हे गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. मग सगळे एकमेकांकडे बघून हसायचे आणि लाइट येईपर्यंत गप्प बसायचे. हळू आवाजात काय बोलतात, ते कुणाला सुचायचंच नाही.

घरात आम्ही तेलुगू बोलतो. वडील नायना, आई अम्मा, आणि मी थोरली म्हणून माझ्या बहिणीची अक्का. गल्लीत मराठी आणि शाळेत इंग्रजी. पण कारखान्यात या तिन्ही भाषांचा उपयोग नव्हता, तिथं हात आणि ओठ बोलायचे. कुणाला हाक मारायची तर पाठीवर सपाट तळव्यानं एक थाप द्यायची, चांगली जोरात, कारण अंगालाही मागांची थरथर भिनलेली असते आणि हलका हात कळत नाही. माणूस वळला की त्याच्या समोर अगदी जवळ उभं राहायचं आणि ओठ मोठे हलवून बोलायचं. आवाज काढला काय, नाही काढला काय, सारखंच. नायनांचं ऐकणं तर कधीच कमी झालं होतं. ते सगळं जग तोंडाकडे बघून ऐकायचे, टीव्हीवरच्या बातम्यासुद्धा. निवेदिका बदलली की दोन दिवस कुरकुर करायचे, 'हिचे ओठ नीट नाहीत.'

धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायला वैरागकडची रत्नाबाई यायची. तोंडाची फटकळ, कामाला चोख. एका दुपारी ती कांडीयंत्रासमोर बसल्या बसल्या रडायला लागली. रडण्याचा आवाज येणं शक्यच नव्हतं, फक्त खांदे हलत होते. अम्मानं ते पाहिलं, हातातला टॉवेल खाली टाकला, जाऊन तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि ट्यूबलाइटकडे वळवला. मागं सरायला जागाच ठेवली नाही. रत्नाबाई तशीच, गाल अम्माच्या तळव्यांत दाबलेले, बोलत राहिली, आणि अम्मा तिच्या ओठांवरची नजर न हलवता ऐकत राहिली. बराच वेळ. मग अम्मानं तिचे डोळे पदरानं पुसले आणि दोघी कामाला लागल्या. टॉवेलांच्या ढिगावर माझी धाकटी बहीण बसली होती, तेव्हा असेल तीन वर्षांची. तिला सगळे चिन्नी म्हणायचे, लहानगी. ती हे सगळं बघत होती, आणि आमच्या घरात कुणी रडत असेल तर काय करायचं असतं हे तिनं तिथं शिकून घेतलं. मुलं असंच शिकतात, मला वाटतं. सांगून कुणी शिकत नाही.

अम्माला आमच्या हातात कांडी नको होती. तेवढी एकच तिची जिद्द. चुलीजवळ बसून चिंचेचं पुलुसू ढवळता ढवळता ती मला इंग्रजी कविता म्हणायला लावायची आणि एकही शब्द न कळता कुठं अडखळले ते बरोबर ओळखायची. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक इंग्रजी शाळा होती, तिथं मी आधी गेले आणि मग चिन्नी. रिक्षातून जाताना आमच्या केसांत सुताचा कापूस असायचा. तो काढण्यात पहिली दहा मिनिटं जायची, मी चिन्नीचा काढायचे आणि ती माझा. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. वर्गातल्या मुलींना ती भाकरी मोडताना होणारा आवाज फार गमतीचा वाटायचा, मला मोडून मागायच्या. मी द्यायचे, बोलायचे नाही. शाळेत मी बोलायचेच नाही. घरात आवाज पोचत नाही म्हणून गप्प, आणि शाळेत आवाज फार मोठा निघेल या भीतीनं. या गप्प बसण्याचं शाळेत फार कौतुक झालं. 'सेन्सिटिव्ह चाइल्ड' असं माझ्याबद्दल दर वर्षी सांगायचे. मुलगी गप्प असली की तिच्या मनात दुसऱ्यांबद्दल दया भरलेली आहे, असं मोठी माणसं धरून चालतात. माझ्या मनात तेव्हा बहुतेक वेळा पुढचा तास कोणता एवढंच असायचं. आज टॉवेल बाहेर देशी पाठवणाऱ्या एका ऑफिसात मी परदेशी गिऱ्हाइकांच्या मेलना उत्तरं लिहिते, आणि तिथं त्याच गप्प बसण्याला 'थोडी कोल्ड आहे' म्हणतात. म्हणू देत.

चिन्नी गप्प नव्हती. तिची बाजू घ्यायला मी हे लिहिते आहे, पण ती साधी होती असं मी म्हणणार नाही. ती हिसकावून घ्यायची. रांगेत मधे घुसायची. तिनं एकीची रिबीन कात्रीनं कापली होती आणि का कापलीस विचारल्यावर 'लोंबत होती' म्हणाली होती. हाक मारायची तर पाठीत थाप, तीही घरच्या जोराची, आणि मग त्या मुलीच्या नाकाला नाक लावून बोलणं. दुसरीत जाईपर्यंत तिच्याबद्दलच्या तक्रारींसाठी नायनांना शाळेत इतक्यांदा बोलावलं होतं की शिपाई त्यांना न विचारता बाकावर जागा करून द्यायचा. चिन्नीचे कान तपासून झाले होते, कान ठणठणीत होते. शेवटी शाळेनं तिला काउन्सेलर मॅडमकडे पाठवलं. या मॅडम पुण्याहून महिन्यातून दोनदा यायच्या, तरुण होत्या, मुलांना लिमलेटच्या गोळ्या द्यायच्या. त्यांनी चिन्नीला चित्रांची कार्डं दाखवली. एका कार्डावर एक मुलगी जमिनीवर बसलेली, गुडघ्यांत मान, तोंडावर दोन्ही हात. हिला काय वाटतंय, असा प्रश्न. चिन्नी बराच वेळ कार्डाकडे बघत राहिली आणि म्हणाली, 'माहीत नाही. तोंडावर हात आहे.' मॅडमनी पुन्हा विचारलं. चिन्नीनं कार्ड उलटं करून मागची बाजू बघितली, तिथं काही नव्हतं, आणि म्हणाली, 'हात काढायला सांगा.' हे तिनं मला रिक्षात सांगितलं, वैतागून, कोड्यात चूक असल्यासारखं. शाळेच्या हिशेबात तिला दुसऱ्याचं दुःख ओळखता येत नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते झालं. मधल्या सुट्टीत मी वरच्या मजल्याच्या कठड्याशी उभी होते, खाली दुसरीच्या मुली खेळत होत्या. रिद्धी नावाची चिन्नीच्या वर्गातली एक मुलगी नळाजवळ एकटी उभी राहून रडायला लागली. तिच्याभोवती मुली जमल्या. आमच्या शाळेत शिकवलेलं होतं की कुणी रडत असेल तर 'डोन्ट क्राय' म्हणायचं आणि मिसला सांगायचं, तसं त्या म्हणत होत्या, हातभर अंतर राखून, आणि दोघी मिसला सांगायला धावल्या होत्या. चिन्नी त्या घोळक्यात घुसली. तिनं रिद्धीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, उन्हाकडे वळवला आणि तिच्या ओठांकडे बघत उभी राहिली. वरून मला ते इतकं ओळखीचं वाटलं की मी बघतही राहिले नाही, डब्याकडे वळले. रिद्धीला ते ओळखीचं नव्हतं. ती किंचाळली, मान सोडवायला लागली, आणि चिन्नीची नखं तिच्या गालावर ओढली गेली. तेवढ्यात मिस आल्या. त्यांना दिसलं ते असं की एक रडणारी मुलगी आणि तिचं तोंड दाबून धरून टक लावून बघणारी आमची चिन्नी. शाळेतल्या मावशीनं तिला मागून कंबरेला धरून उचललं आणि चिन्नी मावशीच्या हाताला चावली. रक्त येईपर्यंत चावली, तेही खरं.

दुसऱ्या दिवशी नायनांना बोलावलं. अम्मा माग सोडून येऊ शकत नव्हती, म्हणून आठवीच्या वर्गातून मला खाली बोलावून नायनांच्या शेजारी बसवलं. नायना लग्नाचा पांढरा शर्ट घालून आले होते. 'नमस्कार मॅडम' ते त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले आणि शिपायानं दारातून डोकावून पाहिलं. प्रिन्सिपल मॅडमना मराठी चांगलं यायचं. बसा, पाणी घेणार का, गर्दी होती का रस्त्याला, हे सगळं मराठीत झालं आणि मग कामाचं बोलणं इंग्रजीत सुरू झालं, टेबलावरच्या कागदांकडे बघत. नायनांना ते कागदांवर बोललेलं काहीच मिळेना. मग त्या दिवशी पुण्याहून आलेल्या काउन्सेलर मॅडम मराठी-इंग्रजी मिसळून बोलायला लागल्या. त्यांचा चेहरा समोर होता, म्हणून नायना खुर्चीत पुढे सरकले आणि त्यांच्या तोंडाकडे बघायला लागले. मॅडमनी ओढणी सारखी केली. नायना आणखी वाकले. मॅडमनी खुर्ची मागे घेतली आणि बोलता बोलता तोंडासमोर हात धरला. नायनांनी मान तिरकी करून हाताच्या बाजूनं बघायचा प्रयत्न केला. 'तुमच्या मुलीत एम्पथी नाही,' असं त्या हाताआडून मॅडम म्हणत होत्या. तो शब्द मी तिथं पहिल्यांदा ऐकला. मग प्रिन्सिपल मॅडम माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाल्या, 'सुनिता, वडिलांना नीट मागे सरकून बसायला सांग.'

मी नायनांना काही सांगितलं नाही. मी काउन्सेलर मॅडमना म्हणाले, 'हात काढा तोंडावरून.'

इंग्रजीत म्हणाले, पण घरच्या आवाजात. मुद्दाम आवाज चढवला नव्हता, जो निघाला तो निघाला. खोलीत एकदम लाइट गेल्यासारखं झालं. मग मी सांगितलं की त्यांना ऐकू येत नाही, ते तुमच्या तोंडाकडे बघताहेत कारण आमच्या घरी तसंच ऐकतात, आणि चिन्नीही रिद्धीचं ऐकायलाच गेली होती, तिचं तोंड दाबायला गेली नव्हती. एवढं मी शाळेत त्याआधी एका वर्षात मिळून बोलले नसेन. काउन्सेलर मॅडमनी हात खाली घेतला. त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि त्या नायनांकडे वळून सावकाश, मराठीत म्हणाल्या, 'माफ करा, मला कळलं नाही.' नायना खूश झाले, त्यांना ते वाक्य पूर्ण मिळालं. 'असू दे, असू दे,' ते म्हणाले.

पुस्तकातल्या गोष्टीत इथं सगळं मिटलं असतं. प्रिन्सिपल मॅडम मला म्हणाल्या, 'सुनिता, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.' मग चष्मा काढून त्यांनी नियम सांगितला. गालावर ओरखडे आहेत, रिद्धीच्या आईची लेखी तक्रार आहे, मावशीला चावा घेतलेला आहे. सोमवारी असेंब्लीत चिन्नीनं दोघींना सॉरी म्हणावं, नाहीतर दाखला घेऊन जावा. ही असेंब्लीतली सॉरी म्हणजे आमच्या शाळेची एक पद्धतच होती. चूक केलेल्या मुलानं माइकसमोर यायचं, 'आय ॲम सॉरी फॉर' म्हणून काय केलं ते सांगायचं, आणि मग सगळी शाळा टाळ्या वाजवायची. काही मुलं त्यात तयार झाली होती. माझ्या वर्गातली एक मुलगी दर महिन्याला कुणाची तरी वही लपवायची आणि इतक्या सुंदर खाली मानेनं सॉरी म्हणायची की तिला वर्षाच्या शेवटी 'काइंड हार्ट'चा बिल्ला मिळाला.

गेटबाहेर नायनांनी मला खांद्यावर थाप मारून वळवलं आणि विचारलं, 'मी कुठं बघतोय असं त्यांना वाटलं?' त्यांना कळलं होतं तर. मी रिक्षाला हात केला. रिक्षात बसल्यावर बऱ्याच वेळानं ते स्वतःशीच बोलल्यासारखं, म्हणजे रिक्षावाल्याला आणि बाजूच्या स्कूटरवाल्याला ऐकू जाईल असं म्हणाले, 'मला वाटलं पोरगी चांगली आहे. ओठ किती स्पष्ट हलतात.'

घरी आल्यावर मी डिक्शनरी काढून तो शब्द पाहिला. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते समजून घेण्याची शक्ती. मी तो दोनदा वाचला आणि मला इतका राग आला की डिक्शनरी फेकावीशी वाटली. अजूनही येतो. घोळका करून 'डोन्ट क्राय' म्हणणाऱ्या मुलींत ही शक्ती होती, आणि चेहरा धरून ऐकायला गेलेलीत नव्हती.

अम्माला या शब्दांशी घेणंदेणं नव्हतं. तिला शाळा हवी होती. 'म्हणून टाक की सॉरी,' ती चिन्नीला म्हणाली. 'एकदा नाही, दहादा म्हण. तोंड काय झिजतंय का?'

'मावशीला म्हणते,' चिन्नी म्हणाली. 'मावशीला मी चावले.'

'आणि त्या पोरीला?'

'तिला मी काय केलं?'

'नखं लागली की गं तिला.'

'ती हलली म्हणून लागली. तू रत्नाबाईला धरलं होतंस तेव्हा तू म्हणालीस का सॉरी?'

अम्मानं माझ्याकडे पाहिलं, जणू हे मी पढवलं होतं. कांड्या भरून जेवायला आलेली रत्नाबाई दारात भाकरी मोडत बसली होती. ती म्हणाली, 'लई विंग्रजी शिकवा अजून. माजी धाकटी कुणाला बी चावती, तिला न्हाय कुणी ष्टेजवर चढवत. हितं चावलं, हितंच एक धपाटा खाल्ला, झालं. आन तुमी तिला माइक देताय व्हय?' अम्मा तिच्यावर ओरडली, 'तू गप गं,' पण हसू आवरलं नाही तिला. रविवारी तिनं चिन्नीला मांडीत घेऊन बसवलं आणि दोन्ही हातांची नखं मुळापासून कापली. नखं कापणं हे तिचं त्या प्रकरणातलं मत होतं, असं मला आज वाटतं, आणि मला ते शाळेच्या मतापेक्षा बरं वाटतं.

सोमवारी सगळी शाळा मैदानात उभी होती. प्रार्थना झाली, बातम्या झाल्या, आणि चिन्नीला ओट्यावर बोलावलं. माइक तिच्यासाठी खाली ओढावा लागला. ती म्हणाली, 'आय ॲम सॉरी मावशी, आय बिट यू,' आणि कडेला उभ्या असलेल्या मावशीकडे बघितलं. मावशीनं 'असू दे' असा हात केला. मग चिन्नी थांबली. प्रिन्सिपल मॅडम बाजूला उभ्या होत्या. 'अँड रिद्धी?' त्या म्हणाल्या. मी आठवीच्या रांगेत उभी होते. तिनं म्हणावं असं मला एका क्षणी वाटलं आणि दुसऱ्या क्षणी वाटलं, म्हणालीस तर याद राख. मॅडमनी पुन्हा विचारलं. तेव्हा चिन्नी माइकमध्येच, दुसरीच्या रांगेकडे बघून, इंग्रजीत म्हणाली, 'रिद्धी, तू का रडत होतीस?'

एवढ्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. मिसनी नाही, प्रिन्सिपल मॅडमनी नाही, आणि मीही नाही. रिद्धीच्या गालाचे फोटो काढले होते, ओरखडे किती लांब ते पाहिलं होतं. नखं लागायच्या आधी ती रडतच होती, हे सगळे विसरून गेले होते. रिद्धी रांगेतून बाहेर आली. तिच्या मिसनी तिला थांबवायला हात पुढे केला, पण ती गेली, ओट्याच्या कडेपाशी जाऊन उभी राहिली. चिन्नी माइक सोडून कडेला उकिडवी बसली. तिनं हात लावला नाही. रिद्धी काहीतरी बोलली. दोन-तीन वाक्यं असतील. माइक लांब होता, कुणालाच ऐकू गेलं नाही, आणि माझ्या रांगेतून रिद्धीची पाठ तेवढी दिसत होती. चिन्नी तिच्या ओठांकडे बघत होती. मग तिनं मान हलवली, रिद्धी रांगेत गेली, आणि चिन्नी दुसऱ्या बाजूच्या पायऱ्यांनी खाली उतरली. केजीच्या मुलांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, कारण माइकपासून माणूस उतरला की वाजवायच्या असतात. त्यांना गप्प केलं.

सॉरी झाली नाही, म्हणून दाखला न्यायला या असा निरोप दुसऱ्या दिवशी आला. अम्मानं तो ऐकला आणि परत मागाकडे गेली. नायना शाळेत गेले नाहीत. 'आज नको,' म्हणाले, 'उद्या जातो,' आणि त्या उद्याच्या दुपारी आमच्या दारात स्कूटी थांबली. रिद्धीची आई आली होती. तिनं गल्ली विचारत विचारत घर शोधलं होतं. आवाजानं तिचं डोकं दुखत असणार, पण तिनं कानांवर हात ठेवले नाहीत, एवढं मी तिच्या बाजूनं सांगेन. अम्मानं तिला खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे वळवला, चहा ठेवला. बाई खुर्चीच्या टोकावर बसल्या आणि आमच्यासारखंच ओरडून बोलावं लागल्यामुळे अवघडल्या.

'रिद्धी घरी काही बोलत नाही,' त्या म्हणाल्या. 'विचारलं की नथिंग म्हणते. त्या दिवशी असेंब्लीत तुमच्या हिच्याशी बोलली, असं कळलं मला.' मग अम्माकडे वळून, 'ती काय म्हणाली तेवढं हिला सांगायला सांगा. मी उद्या शाळेत जाते आणि तक्रार मागे घेते. दाखल्याचा विषयच संपला.'

अम्माचा चेहरा उजळला. तो मी विसरलेले नाही. ती चिन्नीला हात धरून पुढे घेऊन आली. 'सांग गं,' म्हणाली. 'काय म्हणाली ती पोर?'

चिन्नी बाईंच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. 'तिला विचारा,' ती म्हणाली.

'विचारलं बाळा. सांगत नाही ना.'

'कुठं विचारलंत?'

'कुठं म्हणजे? शाळेतून आणताना, गाडीवर. घरी पण एकदा.'

'गाडीवर ती मागं बसते?'

'हो, मागं.'

चिन्नीनं मान हलवली, त्यात तिला सगळं मिळाल्यासारखी. अम्मानं तिच्या दंडाला हलवलं. 'सांग की चिन्नी, राजा. तुझी शाळा राहील. अक्काबरोबर जाशील.' रत्नाबाईनं कांडीयंत्र थांबवलं होतं. चिन्नीनं अम्माकडे मान वर करून पाहिलं. तिला त्या शाळेत जायचं होतं, हे मला माहीत आहे. नवी रंगपेटी दप्तरात होती आणि ती अजून उघडलीही नव्हती.

'मला सांगितलंय तिनं,' चिन्नी म्हणाली. 'तुम्हाला नाही.'

लोकांना ही गोष्ट सांगितली की शेवटी एकच प्रश्न येतो, मग पुढं ती सुधारली का. मी त्याचं उत्तर देत नाही. तिला त्या शाळेतून काढलं, जूनपासून ती गल्लीमागच्या मराठी शाळेत गेली, एवढं सांगते. रिद्धी काय म्हणाली होती ते तिनं मलाही सांगितलेलं नाही, आणि मी विचारलेलं नाही.

बाईंच्या चहावर साय धरली. त्यांना राग आला असावा असं मला आधी वाटलं, पण त्या चिन्नीकडे बघत होत्या ते रागानं नव्हे. मग उठल्या, 'येते' म्हणाल्या आणि बाहेर गेल्या. अम्मा पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. मागच्या दारातून नायना हे सगळं बघत होते, पण आमची सगळ्यांची तोंडं पलीकडे होती, त्यांना एक शब्दही मिळाला नव्हता. त्यांनी हात उडवून मला विचारलं, काय झालं. मी दाराशी गेले आणि आवाज न काढता, नुसत्या ओठांनी त्यांना सांगितलं, बाईंनी काय मागितलं, त्याबदल्यात काय देऊ केलं, आणि चिन्नी नाही म्हणाली. त्यांनी ते शेवटपर्यंत नीट बघितलं.

'बरं केलं,' नायना म्हणाले, आणि स्कूटीला किक मारणाऱ्या बाईंनी वळून पाहिलं.